उदयनगरची सिस्टर

देवास म्हटलं की आपल्या घरांत ठरलेल्या गोष्टी निघतात. टेकरीवरची चामुंडा आणि तुळजाभवानी, पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती, कुमार गंधर्वांचं घर. धार म्हटलं की पुन्हा पवार, किल्ला आणि राजा भोज. या दोन्ही गावांच्या गोष्टींत मिशनच्या बायका कधी येत नाहीत. कॅनडाच्या डॉ. मार्गारेट ओहारा १८९५ मध्ये धारला आल्या आणि बायकांसाठी दवाखाना उभा केला, हे धारच्या कितीजणांना माहीत आहे? त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी देवास जिल्ह्यात एका सिस्टरचा खून झाला. आज तिच्याविषयी.

तिचं नाव सिस्टर राणी मारिया. जन्म २९ जानेवारी १९५४, केरळमधलं पुल्लुवळी गाव, शेतकरी घर. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात ती दाखल झाली आणि उत्तरेत आली. आधी बिजनौर, मग सतना जिल्हा, आणि १९९२ मध्ये आपल्या देवास जिल्ह्यातलं उदयनगर. देवास शहराच्या सपाट काळ्या जमिनीपासून हा भाग लांब, दक्षिणेकडे डोंगराळ, वस्ती बरीचशी आदिवासी. आपल्यातले बरेचजण त्या बाजूला एकदाही गेलेले नसतील.

‘मिशनरी’ शब्द ऐकला की आपल्या बैठकीत पहिला प्रश्न धर्मांतराचा येतो. येऊ द्या, प्रश्न विचारायला हरकत नाही. पण उदयनगरला तिचं वैर ज्यांच्याशी झालं ते सावकार होते, आणि भांडण व्याजाचं होतं.

हे व्याज कसं चालतं ते शहरात वाढलेल्या तुम्हा मुलांना सांगायला हवं. पावसाच्या तोंडावर बियाणं लागतं, आणि हातात पैसा येतो तो पीक निघाल्यावर. मधल्या महिन्यांसाठी सावकार. हिशेब त्याच्या वहीत, आणि ती वही घेणाऱ्याला वाचता येत नाही. पीक निघालं की ते सावकार म्हणेल त्या भावाने त्याच्याच घरी जातं, तरी कर्ज फिटत नाही. पुढच्या पेरणीला जुनं अधिक नवं. मग भांडी, दागिना, शेवटी जमीन. आपल्याकडे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले ते याच गणितापायी, आणि चार वर्षांनी सरकारला त्यावर कायदा करावा लागला.

राणी मारियाने काही जाळलं नाही. तिने लोकांना बँकेत नेलं. सरकारी योजना कोणत्या, कर्ज कसं मिळतं, हे समजावलं. गट बांधले, बायकांना आणि मोठ्या माणसांना अक्षरओळख दिली. ऐकायला किती साधं वाटतं! पण बँकेचं कर्ज म्हणजे अर्ज, पटवारीचा कागद, सही, आणि ‘साहेब आज नाहीत, परवा या.’ ज्याचा एक दिवस बुडला की एक दिवसाची मजुरी जाते, तो या फेऱ्या मारत नाही, सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो. त्या फेऱ्यांत सोबत करणारं कोणी मिळालं की सावकाराचं गिऱ्हाईक तुटतं. माझ्या मते तिच्या आयुष्यातलं सगळ्यात धाडसाचं काम हेच होतं, आणि तेच सगळ्यात कमी सांगितलं जातं.

२५ फेब्रुवारी १९९५ च्या सकाळी ती इंदूरच्या बसमध्ये बसली; पुढे केरळला, घरी जायचं होतं. वाटेत नाचनबोरच्या डोंगरापाशी समंदर सिंह नावाच्या तरुणाने तिला चाकूने भोसकलं. अंगावर पन्नासच्या वर जखमा होत्या. बस प्रवाशांनी भरलेली होती. मध्ये कोणी पडलं नाही. तिला उदयनगरलाच पुरलं.

समंदर सिंहला जन्मठेप झाली. आपल्याला चिथावलं गेलं होतं, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलं. २००२ मध्ये राणी मारियाची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला, त्यासाठी घरच्यांनी आणि चर्चनेही शब्द टाकला होता. मग तो केरळला त्यांच्या घरी गेला. आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं.

ही गोष्ट जगभर गेली, तिच्यावर माहितीपटही निघाला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये मोठा सोहळा होऊन तिला संतपदाच्या आधीचा ‘धन्य’ हा दर्जा मिळाला. राखीची गोष्ट मोठीच आहे, मी तिला लहान करत नाही. माझ्याच्याने असं झालं असतं का, असं स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर देववत नाही. पण प्रत्येक वेळी गोष्ट राखीपाशी संपते, आणि ऐकणारा डोळे पुसून उठतो. तिला मारलं का, हे विचारायचं राहून जातं. व्याजाचा दर काय होता, बसमधले लोक गप्प का बसले, तिच्यानंतर त्या बायकांबरोबर बँकेत कोण गेलं, हेही.

देवासला सुटीत जाणार असाल तर टेकरी कराच, पण एक दिवस उदयनगरसाठी काढा. तिची आठवण तिथल्या चर्चमध्ये जपली आहे. आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांशी बोला, हिंदी चालेल.

धारच्या ओहारा डॉक्टरीणबाईंबद्दल पुढच्या वेळी.