अर्जुनेकाठचे राजापूर

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघालेला प्रवासी अर्जुना नदीचा पूल ओलांडतो, तेव्हा एकेकाळी आदिलशाही मुलखाचे भूषण असलेल्या बंदराशेजारून आपण चाललो आहोत, याची त्याला बहुधा वार्ताही नसते. आणि जे वाट वाकडी करून येतात, तेही साधारणतः तीन वर्षांनी प्रकट होणाऱ्या उन्हाळे येथील गंगेत स्नान उरकून परस्पर निघून जातात. त्या गंगेविषयी माझ्या मनात पूज्यभावच आहे; परंतु जिच्या आश्रयाने राजापूर वसले, वाढले आणि आज जिच्या भयाने पावसाळाभर सावध असते, त्या अर्जुनेकडे पाठ फिरवून केलेली राजापूरची यात्रा मला अपुरी वाटते.

समुद्रापासून कित्येक मैल आत असलेले हे गाव बंदर झाले ते खाडीच्या बळावर. जैतापूरच्या मुखातून भरतीबरोबर गलबते वर येत, घाटमाथ्यावरचा माल अणस्कुऱ्याच्या वाटेने बैलांच्या पाठीवरून खाली उतरे, आणि या दोन वाटा जेथे मिळत तेथे पेठ भरे. सतराव्या शतकात इंग्रजांनी येथे वखार घातली; मात्र १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात आदिलशाही फौजेला तोफगोळे पुरवून व स्वतः तोफा डागून या वखारवाल्यांनी व्यापाराची मर्यादा ओलांडली, तेव्हा पुढल्याच वर्षी शिवछत्रपतींनी राजापूरवर चाल करून त्यांना कैद केले. एवढा इतिहास ज्या काठाने पाहिला, त्याची ओळख करून देणारा एखादा साधा फलक पाहुण्याला सहज दिसेल असा असावा, ही अपेक्षा काही अवास्तव नव्हे.

आज खाडी गाळाने भरत आली आहे आणि ती गलबते दप्तरांतच उरली आहेत. गाव निवांत आहे. दुपारी पेठेत माणूस माणसाला थांबवून प्रकृती विचारतो, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढलेले असते, आणि बाहेरगावच्या माणसाला ‘खंयसून इलात?’ असे विचारण्यात चौकशीपेक्षा जिव्हाळाच अधिक असतो. आषाढात जवाहर चौकाजवळच्या एका किराणा दुकानात मी तळची फळी संपूर्ण मोकळी पाहिली. तांदळाची पोती माळ्यावर चढवलेली, आणि भिंतीवर छातीइतक्या उंचीवर जुन्या पुराची गढूळ रेघ. दुकानदार बोलता बोलता दर थोड्या वेळाने उंबऱ्याबाहेर जाऊन नदीची पातळी न्याहाळून येत होते, आणि त्यात कसलीही घाबरगुंडी नव्हती.

तथापि त्यांच्या या धीराला कोणी उपाययोजना समजू नये. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे डोंगर, गावाशीच अर्जुनेला येऊन मिळणारी कोदवली, उथळ झालेले पात्र आणि त्याच वेळी खाडीत चढलेली भरती, असा योग जुळला की पाण्याला बाजारपेठेवाचून दुसरी जागा राहत नाही. अशा गावी पर्यटनाच्या नावाखाली काठाला फरश्या बसवणे, कारंजी उभारणे आणि विजेच्या माळा सोडणे हा सरकारी तिजोरीचा अपव्यय होय. प्रथम गाळ उपसावा, उपसलेला गाळ पुन्हा पहिल्याच पावसात पात्रात उतरेल असा काठावर टाकू नये, वरच्या डोंगरउतारांवरची वृक्षतोड व बेबंद खोदकाम रोखावे. आणि हे काम एका हंगामाच्या मोहिमेवर न सोडता दरवर्षीच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद व्हावी.

पाहुण्यांनीही आपला वाटा उचलावा. पावसाच्या भर जोरात न येता श्रावणाच्या उतारास यावे, धूतपापेश्वराच्या देवळाजवळचा धबधबा पाहावा, रात्री गावातच मुक्काम करावा, जेवण गावातल्या खानावळीत घ्यावे आणि जिन्नस याच पेठेतून विकत घ्यावेत; कारण पूर ओसरल्यावर दुकान धुऊन पुन्हा मांडणाऱ्या माणसाला आपल्या कौतुकापेक्षा गिऱ्हाइकाची गरज अधिक असते.