रांगेत उभं राहून जीव वाचत नाही

आपदा मित्र म्हणून प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक, होमगार्ड किंवा एखाद्या मंडळाचे कार्यकर्ते शाळेत येऊन मुलांना सुरक्षिततेचे धडे देतात, त्यावर टीका करणाऱ्यांचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. वर्षातून एकदा जीप येते. पटांगणात पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवून त्यावर फवारा मारतात, एका धडधाकट पोराला स्ट्रेचरवर घालून पळवतात, मुलं खिदळतात, बॅनर धरून फोटो निघतो आणि तालुक्याच्या ग्रुपवर जातो. याला प्रशिक्षण म्हणणं म्हणजे वरातीतल्या घोड्याला घोडदळ म्हणण्यासारखं आहे.

पण यावरून टीकाकार जो निष्कर्ष काढतात, तो मात्र साफ चुकीचा आहे. ‘हे हौशी लोकांचं काम नव्हे, अभ्यासक्रमात घाला, शिक्षक शिकवतील.’ अहो, अभ्यासक्रमात आपत्ती व्यवस्थापन केव्हाच आलंय. नववी-दहावीची मुलं आपत्तीचे प्रकार मुद्देसूद लिहून गुण मिळवतात. आणि शेततळ्यात बुडून मरतात.

शेततळ्याचंच बघा. गेल्या दोन दशकांत दुष्काळी तालुक्यांत ती झाली, चांगलंच झालं. पण आत प्लास्टिकचा कागद असतो, कडा उतरत्या, वर शेवाळ. विहिरीला निदान पायऱ्या किंवा कपारी असतात. इथे हाताला काही लागतच नाही. पट्टीचा पोहणाराही पाण्यातून वर येऊ शकत नाही. म्हणून बातमी अनेकदा एकाची नसते. एक घसरतो, त्याला वाचवायला भाऊ उडी मारतो, मग आई. ‘पाण्याकडे जाऊ नका’ ही परिपाठातली सूचना इथे कुचकामी आहे, कारण मोटर चालू करायला त्याच मुलाला तिथे धाडलेलं असतं. त्याला शिकवायला हवं ते वेगळंच: उडी मारायची नाही. ओरडायचं. दोर, ओढणी, ठिबकची नळी, घट्ट झाकणाचा रिकामा कॅन, जे हाती लागेल ते फेकायचं. ओढताना बांधावर पालथं पडायचं, नाहीतर आपणही आत जातो. हे फळ्यावर शिकवता येत नाही. पालथं पडूनच शिकावं लागतं, आणि पाण्यातून माणूस ओढलेल्या कुणाकडून तरी शिकावं लागतं.

‘मुलं घाबरतील’ हा आक्षेप फार वेळ घेण्यासारखा नाही. पुरात बुडणारी माणसं मुलं मोबाइलवर रोज पाहतात. घाबरायची ती घाबरून झालीत.

खरा आक्षेप मुख्याध्यापकांच्या मनात असतो, आणि तो तोंडावर कुणी बोलत नाही. बाहेरचा माणूस मुलांना ‘स्वतः ठरवा’ असं शिकवून जाईल, मग शिस्तीचं काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचं उत्तर 11 मार्च 2011 च्या भूकंप-त्सुनामीत जपानने दिलं आहे, दोन्ही बाजूंनी.

इशिनोमाकीतल्या ओकावा प्राथमिक शाळेत भूकंपानंतर मुलांना शिस्तीत पटांगणात आणून बसवलं. शाळेमागे डोंगर होता. पण कुठे जायचं, हे मोठ्यांचं ठरेना. सुमारे 50 मिनिटं गेली. मग त्सुनामी आली आणि 74 मुलं व 10 शिक्षक गेले. पालक न्यायालयात गेले, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन शाळा व प्रशासन यांची तयारीच अपुरी होती, हा निकाल कायम झाला. त्याच दिवशी कामाइशीत माध्यमिक शाळेची मुलं भूकंप थांबताच धावत सुटली. वीज गेल्याने ध्वनिक्षेपक बंद होता, सूचना आलीच नाही. त्यांना पळताना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुलंही निघाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर तिथली दरड ढासळताना दिसली, म्हणून आणखी वर गेली. मागे दोन्ही शाळा पाण्याखाली गेल्या. धोक्याच्या नकाशात त्या रेषेबाहेर होत्या, बरं का! तोशिताका कातादा हे प्राध्यापक काही वर्षं त्या गावात येऊन मुलांना हेच घोकवत होते: नकाशावर विसंबू नका, आधी तुम्ही पळा.

कातादा शाळेचे नोकर नव्हते, ते बाहेरून येत होते. माझा सगळा मुद्दा इथे आहे. शिक्षकाच्या डोक्यावर निवडणूक, पोषण आहार, ऑनलाइन माहिती; शिवाय वरून आदेश आल्याखेरीज त्याने काही करू नये, अशीच आपली व्यवस्था. आदेशाची वाट न बघता निघा, हे त्याने शिकवायचं तरी कोणत्या तोंडाने? शिरोळ तालुक्यातला एखादा स्वयंसेवक ते शिकवू शकतो. 2005, 2019 आणि 2021 चे पूर त्याच्या दारातून गेलेत. कोणता रस्ता आधी पाण्याखाली जातो, हे त्याला कागद न बघता सांगता येतं. 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये माणसांनी खच्चून भरलेली नाव उलटली. भरलेल्या नावेत चढायचं नाही हे तो सांगेल, तेव्हा मुलं ऐकतील.

म्हणून जीप नको, हा टीकाकारांचा मुद्दा घ्या आणि स्वयंसेवक नको, हा सोडा. आपदा मित्रांना सरकार 12 दिवसांचं प्रशिक्षण देतं. त्यातल्या गावच्याच एकाला एकच शाळा द्या. पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि नंतर, तोच माणूस. पटांगणात नव्हे, ओढ्यावर, बांधावर, गावातल्या अरुंद बोळात. शाळेचा दरवाजा कुठे उघडतो, 108 ला फोन लागल्यावर गावाची खूण काय सांगायची, हे मुलांकडून करून घ्या. बॅनर घरी ठेवा.

आणि प्रत्येक शेततळ्याच्या काठाला एक दोर बांधून ठेवा, मुलांकडूनच बांधून घ्या. यावरही लोक म्हणतात, दोर चोरीला जाईल. जाईलच. दुसरा बांधा.