घुमटाची खूण, घराची खूण

लोणी काळभोरचे नाव निघाले की आता 2018 साली खुल्या झालेल्या विश्वशांती घुमटाचा उल्लेख होतो. 160 फूट व्यासाची ही वास्तू खासगी शिक्षणसंस्थेची आहे. तिच्याशी कोणाचे वैर असण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. याच परिसरात तेलाच्या डेपोंत आणि शेतांत राबणाऱ्या माणसांच्या घरांना गावाची खूण होण्याचा मान का मिळू नये?

गरिबाला छप्पर हवे, सौंदर्याचे चोचले कशाला, हे उत्तर सत्ताधाऱ्यांच्या जिभेवर तयारच असते. त्यात अर्थशास्त्र नाही, केवळ तुच्छता आहे. याचा पुरावा शासनाच्याच सिडकोने बेलापूरला उभा केला. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी 1983 ते 1986 या काळात तेथे साकारलेल्या आर्टिस्ट व्हिलेजची आखणी सुमारे 6 हेक्टरांत 550 कुटुंबांसाठी होती. सात घरांत एक अंगण, अशा तीन समूहांत एक मोठे अंगण. रहिवाशांच्या उत्पन्नातील अंतर एकास पाच धरलेले. भूखंड मात्र 45 ते 75 चौरस मीटरांचे, म्हणजे फरक दुपटीहूनही कमी. भिंत शेजाऱ्याशी सामायिक नाही. हाती पैसा येईल तशी खोली वाढवता यावी, ही त्यामागची योजना. श्रमिकाची शिल्लक थोडीथोडी साठते. त्याचे घरही तसेच वाढले पाहिजे. उलट 2015 च्या पंतप्रधान आवास योजनेने दुर्बल घटकांच्या घराला 30 चौरस मीटर चटईक्षेत्राची मर्यादा घातली. बहुमजली इमारतीतील असे घर तीन पिढ्यांतही वीतभर वाढत नाही. वाढतो तो लिफ्टचा आणि पंपाचा खर्च.

कोणी म्हणेल, बेलापूरची अनेक मूळ घरे पाडून तेथे काँक्रीटचे मजले चढले, म्हणजे प्रयोग फसला. हा निष्कर्ष उतावीळ आहे. घर वाढावे हे तर आराखड्यातच होते. जमिनीचा भाव घरापेक्षा मोठा झाला की कौलारू घर आणि अंगण दोन्ही तोट्याची ठरतात. दोष असलाच तर तो अंगणाचा नव्हे, त्या भावाचा आहे. आणि ही जमीन आकाशातून पडलेली नव्हती. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात लढा दिला. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. लोकहिताच्या नावाने घेतलेल्या जमिनीवर सट्टा चालू देणे, ही त्या रक्ताशी प्रतारणा होय.

पुणे महानगराचा पसारा आज लोणी काळभोरपर्यंत पोहोचला आहे. तेव्हा केवळ ‘घरे द्या’ एवढ्या मागणीवर कार्यकर्त्यांनी थांबू नये. सार्वजनिक जमीन सार्वजनिकच राहावी, घर वाढवण्याचा हक्क रहिवाशाला असावा, आराखडा ठरवताना त्याचे मत घेतले जावे, हा आग्रह धरला पाहिजे. श्रमिकांच्या वस्तीवरून गावाची ओळख सांगितली जाईल, तेव्हाच निवाऱ्याच्या प्रश्नाला समाजवादी उत्तर मिळाले असे म्हणता येईल.