जयंतीचे दिवस आणि विदर्भाचे ऊन

एप्रिल उजाडला की वाशीमच्या वस्त्यावस्त्यांत निळ्या पताका लागतात. १४ तारखेला बाबासाहेबांची जयंती, मग महिनाभर खेड्यापाड्यांतल्या जयंत्या, लग्ने आणि पुढे बुद्धपौर्णिमा. आपले सारे मोठे दिवस ऐन उन्हात येतात. उत्साह आवरा, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण ऊन अंगात काय करते, हे घराघरांत ठाऊक हवे.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसे उन्हात बसली होती. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. पारा मात्र ३८ अंशांच्या आसपास होता. आपल्याकडे ३८ ला कोणी ऊन म्हणत नाही! मग माणसे का दगावली?

अंग तापले की रक्त कातडीकडे धावते, हृदयाचे काम वाढते, घाम सुटतो. पण गारवा मिळतो तो घाम वाळल्याने. समुद्राकाठच्या दमट हवेत तो वाळत नाही. आपल्या कोरड्या हवेत उलट इतका झटकन वाळतो, की अंगातले किती पाणी गेले ते कळतच नाही. लघवी गडद पिवळी होणे, पायांत गोळे, डोकेदुखी, मळमळ हा पहिला इशारा. अशा वेळी सावलीत बसवावे. लिटरभर पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अंगाचा ताप तेव्हा ४० अंशांवर गेलेला असतो. कष्ट करताना ऊन लागले असेल तर अंग घामाने ओलेही असते, त्यावर फसू नये. अजूनही कुणी म्हणते, बाहेरचे लागले, भगताला बोलवा. बाधा कसली? मेंदू तापलेला असतो! १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जाते. तापाची गोळी इथे चालत नाही. खिशातल्या कांद्याने तर फक्त खिशाला वास येतो.

ऊन सर्वांना सारखे लागत नाही. टिनाच्या घरात रात्रीही अंग निवत नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून वीटभट्टीवरचे पहिले दिवस धोक्याचे. पुण्या-मुंबईहून आदल्या दिवशी येऊन मिरवणुकीत नाचणाऱ्या पोरांचेही तेच, आणि पोटात दारू असेल तर विचारूच नका. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, परस्पर बंद करू नयेत.

आणि आपल्या आयाबहिणी? वाटेत शौचालय नसते म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कडेवर लेकरू, डोक्यावर ऊन, तशाच चालतात. ज्या बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्याला मोकळे केले, त्यांच्याच मिरवणुकीत बाई तहानलेली राहते, हे आम्हाला सहन होत नाही.

मिरवणूक ऊन उतरल्यावर निघावी. वर्गणीच्या हिशेबात डीजेच्या रकमेखाली पाण्याची आणि फिरत्या शौचालयाची रक्कम लिहिली आहे का, हे महिला मंडळाने पहिल्याच बैठकीत विहारात विचारून घ्यावे.