पंधरा सेकंदांचा धीर

रस्ता ही सर्वांच्या समाईक मालकीची वस्तू आहे. बैलगाडी हाकणारा शेतकरी, सायकलवरून दूध घालणारा गवळी, प्रवाशांनी खच्चून भरलेली एस.टी. आणि एखादी चकचकीत, किमती मोटार या सर्वांना एकाच रस्त्याने जावे लागते. चौकात लाल दिवा लागला की सर्वांनी थांबायचे आणि हिरवा दिवा लागला की सर्वांनी निघायचे, असा नियम आहे. कोणाची गाडी किती रुपयांची आहे, हे त्या दिव्याला कळत नाही. त्याच्या दृष्टीने सारे सारखेच. परंतु दिव्यापुढे समान असलेली ही माणसे एकमेकांच्या दृष्टीनेही समान असतात काय? पुढची गाडी जुनी आहे की नवी, स्वस्त आहे की महाग, हे पाहून मागच्या माणसाची वागणूक बदलते काय? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. पण त्याच्या उत्तरात मनुष्यस्वभावाचा एक मोठा धडा दडलेला आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पालो आल्टो आणि मेन्लो पार्क ही शेजारशेजारची दोन गावे आहेत. तेथे अँथनी डूब आणि ॲलन ग्रॉस या दोन मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न प्रत्यक्ष रस्त्यावर तपासून पाहिला. त्यांचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी केलेला प्रयोग अगदी साधा होता. रविवारी रस्त्यांवर गर्दी कमी असते. म्हणून त्यांनी तो वार निवडला. त्यांचा माणूस मोटार घेऊन चौकात येई आणि लाल दिव्यापाशी सर्वांत पुढे उभा राही. मागे दुसरी एखादी मोटार येऊन थांबे. हिरवा दिवा लागे. पण पुढची मोटार काही हलत नसे. पंधरा सेकंद होईपर्यंत, किंवा मागचा चालक दोनदा हॉर्न वाजवीपर्यंत, ती तशीच उभी राही. मागचा चालक हॉर्न वाजवतो की नाही आणि वाजवलाच तर किती वेळाने, याची नोंद निरीक्षक करीत असत. मागच्या माणसाला अर्थातच यातील काही ठाऊक नसे.

या प्रयोगातील खरी मेख गाडीत होती. काही वेळा पुढे उभी असे ती १९६६ साली बनलेली काळी, नवीकोरी क्रायस्लर इंपीरियल. ती त्या काळच्या श्रीमंतांची मोटार होती. इतर वेळी तिच्या जागी १९५४ सालची गंज चढलेली फोर्ड किंवा १९६१ सालची एक साधीसुधी रॅम्बलर उभी केली जाई. चालकाचा पोषाखही गाडीला शोभेल असाच असे. अपराध मात्र प्रत्येक वेळी तोच. हिरवा दिवा लागूनही वाट अडवून उभे राहणे, एवढाच तो अपराध होता. घड्याळाच्या काट्याला जुन्या गाडीचे पंधरा सेकंद आणि नव्या गाडीचे पंधरा सेकंद यांत काडीचाही फरक दिसला नसता.

माणसांना मात्र फार मोठा फरक दिसला. जुन्या गाडीमागे अडकलेल्या ३८ चालकांपैकी ३२ जणांनी, म्हणजे शेकडा ८४ जणांनी, हॉर्न वाजवला. नव्या, महाग गाडीमागे अडकलेल्या ३६ चालकांपैकी केवळ १८ जणांनी, म्हणजे बरोबर निम्म्यांनी, तो वाजवला. दोनदा हॉर्न वाजवणारे जुन्या गाडीमागे १८ होते, तर नव्या गाडीमागे अवघे ७. इतकेच नव्हे, तर दोघा चालकांनी हॉर्न वाजवण्याचीही तसदी घेतली नाही. त्यांनी आपली मोटार सरळ पुढे घेऊन जुन्या गाडीला मागून धक्का दिला!

याच प्रयोगाला जोडून त्या शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांना कागदावर प्रश्न विचारला : अशी गाडी तुमच्यापुढे अडून राहिली, तर तुम्ही किती वेळाने हॉर्न वाजवाल? तरुणांनी दिलेले उत्तर मोठे मौजेचे होते. महाग गाडीमागे आपण लवकर वाजवू आणि साध्या गाडीमागे उशिरा, असे त्यांचे सांगणे होते. म्हणजे रस्त्यावर जे घडले, त्याच्या अगदी उलट! ते खोटे बोलत होते असे म्हणण्याचे कारण नाही. आपण शूर आहोत, श्रीमंतापुढे नमणारे नाही, असे प्रत्येकालाच मनापासून वाटत असते. परंतु आपल्याविषयी आपल्याला काय वाटते आणि प्रसंग आला असता आपण काय करतो, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दोन गावांतील एका प्रयोगावरून साऱ्या जगाविषयी निवाडा देणे योग्य नव्हे. पुढे निरनिराळ्या ठिकाणी अशाच प्रकारचे जे प्रयोग झाले, त्या सर्वांचे उत्तर एकच आले असेही नाही. तरीसुद्धा या प्रयोगाने दाखवलेली प्रवृत्ती आपल्याला अनोळखी वाटत नाही. भर रस्त्यात एखादी आलिशान मोटार अडून राहिली की, लोक बाजूने गुपचूप वाट काढतात; आणि तेथेच एखादा हातगाडीवाला क्षणभर अडखळला की, चारही दिशांनी हॉर्नचा कल्लोळ सुरू होतो. हे दृश्य आपल्याकडील कोणत्याही शहरात पाहावयास मिळते.

या साऱ्याचा अर्थ काय? रस्त्यावर हॉर्नचा कर्कश गोंगाट ऐकला की, “हल्ली लोकांपाशी धीर म्हणून उरला नाही,” असे आपण म्हणतो. परंतु वरील प्रयोग काही वेगळेच सांगतो. नव्या गाडीमागे निम्मे चालक शांतपणे थांबले. त्यांनाही कोठेतरी जायचे होतेच. म्हणजे पंधरा सेकंद थांबण्याइतका धीर माणसांपाशी होता. उणीव धीराची नव्हती. तो कोणासाठी खर्च करावा, याच्या विचारात खोट होती. पैसेवाल्यासाठी तो सढळ हाताने खर्च झाला आणि साध्या माणसाच्या वाट्याला मात्र चिमूटभरच आला. आपल्या गाठीशी धान्य असावे आणि ते भुकेल्याला न देता ज्याचे कोठार भरले आहे त्यालाच नेऊन द्यावे, तसाच हा प्रकार झाला.

कोणी म्हणेल, महाग गाडीमागे गप्प बसणे हा शिष्टाचार आहे. त्यात वाईट ते काय? शिष्टाचार खराच चांगला. पण तो माणूस पाहून बदलत नसतो. महाग गाडीत कोणी मोठा अधिकारी किंवा वजनदार असामी असेल, तो रागावेल, आपले काही नुकसान करील, अशी अंधुक शंका मनात येते आणि हॉर्नवरचा हात मागे येतो. ही नम्रता नव्हे, ही भीती आहे. उलट, जुन्या गाडीतील माणूस आपले काय वाकडे करणार, अशी खात्री असते, म्हणून तोच हात जोराने पुढे जातो. हेही धैर्य नव्हे. ज्याच्यापासून धोका नाही त्याच्यावर ओरडायला धैर्य कशाला लागते? ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण आपण बलवानाला दोष देण्यासाठी वापरतो. येथे तर बलवानाने काहीच केलेले नाही. आपणच त्याच्यापुढे आपला कान धरतो आणि दुबळा दिसताच त्याचा पिळतो!

मग रस्त्यावर सर्वांशी अगदी एकसारखेच वागावे काय? नाही. काही वेळा वेगळे वागणे हेच न्यायाचे असते. रुग्णवाहिका आली की सर्वांनी बाजूला झाले पाहिजे. अग्निशामक दलाचा बंब आला तरी तसेच. आपल्या देशात २०१९ साली मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली आणि अशा वाहनांना वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करण्यात आली. गाडी शिकणाऱ्याच्या मोटारीवर पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगात ‘एल’ हे अक्षर लिहिलेले असते. ते पाहून इतरांनी त्याला थोडे सांभाळून घ्यावे, हेही योग्यच. पण या सर्व ठिकाणी आपण पाहतो ती समोरच्याची गरज, त्याची श्रीमंती नव्हे. गरज पाहून दिलेली सवलत म्हणजे माणुसकी. श्रीमंती किंवा अधिकार पाहून दिलेली सवलत म्हणजे लाचारी. हा भेद लहानपणीच मनावर ठसला पाहिजे.

हा भेद आपल्या देशाच्या नियमांतही हळूहळू उतरू लागला आहे. पुष्कळ वर्षे मोठ्या पदावरील व्यक्तींच्या मोटारींवर लाल दिवा असे. तो दुरून दिसला तरी लोक बाजूला होत. आत कोण बसले आहे, त्याला खरोखर घाई आहे की नाही, हे कोणी विचारीत नसे. १ मे २०१७ पासून तो लाल दिवा काढून टाकण्यात आला. राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्या मोटारीही त्याला अपवाद राहिल्या नाहीत. तातडीच्या सेवेतील वाहनांवरचे दिवे तेवढे राहिले. जेथे गरज, तेथे दिवा. जेथे केवळ मान, तेथे नाही, असाच या निर्णयाचा अर्थ आहे.

मुंबई पोलिसांनीही एक मजेदार प्रयोग केला आणि २०२० सालच्या आरंभी त्याची माहिती लोकांपुढे ठेवली. शहरातील काही चौकांत त्यांनी सिग्नलला आवाज मोजणारे यंत्र जोडले. लाल दिवा असताना हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की, लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात आणि साऱ्यांनाच अधिक वेळ थांबावे लागे. त्या यंत्राला कान होते; पण डोळे नव्हते. हॉर्न किमती मोटारीचा की जुनाट टेंपोचा, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. यंत्राला जी निःपक्षपाती वृत्ती सहज साधते, ती माणसाने विचारपूर्वक मिळवायची असते. यंत्र भेद करीत नाही, कारण त्याला भेद दिसतच नाही. माणसाने भेद दिसत असूनही तो करायचा नाही.

मुलांनो, तुम्ही अजून मोटार चालवीत नाही. त्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. परंतु हॉर्न मात्र तुमच्यापाशी आजही आहे. तुमची जीभ हाच तो हॉर्न! शाळेतील पाण्याच्या नळापाशी रांगेत उभे असताना पुढचा मुलगा बाटली भरायला वेळ लावतो. तो वर्गाचा प्रमुख असेल किंवा नव्या बॅटचा मालक असेल, तर तुम्ही गप्प राहता काय? आणि तोच मुलगा विटका सदरा घातलेला, नुकताच दुसऱ्या गावाहून आलेला असेल, तर “ए, आटप लवकर!” असे शब्द तोंडातून निघतात काय? फळ्यावरचे गणित सोडवताना हुशार मुलगी अडली, तर वर्ग थांबतो; पण सामान्य मुलगी अडली, तर वर्ग हसतो, असे तर होत नाही ना? या प्रश्नांची उत्तरे कोणाला सांगण्याची गरज नाही. त्या महाविद्यालयीन तरुणांप्रमाणे मनातल्या मनात चांगले उत्तर देणे सोपे असते. म्हणून उत्तर मनात न शोधता आपल्या रोजच्या वागण्यात शोधावे.

अन्याय दिसला तर बोलू नये, असा याचा अर्थ नाही. कोणी खरोखरच वाट अडवली असेल, तर त्याला सांगितलेच पाहिजे. परंतु जे शब्द आपण मोठ्या गाडीतील माणसाला वापरू, तेच आणि त्याच आवाजात लहान गाडीतील माणसालाही वापरावेत. आणि जितके सेकंद एकासाठी थांबू, तितकेच दुसऱ्यासाठीही थांबावे. पंधरा सेकंद हा काही फार मोठा काळ नव्हे. श्रीमंतासाठी तो आपण न मागता देतो. तोच साध्या माणसाला देता आला, तर रस्ता खऱ्या अर्थाने सर्वांचा होईल.