वेल्श भाषा: शाळेने हिरावले, शाळेने दिले
ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्समध्ये, एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात ‘वेल्श नॉट’ नावाचा लाकडी तुकडा अडकवीत. दुसरे मूल वेल्श बोलताना आढळले की तो त्याच्या गळ्यात जाई. अखेरीस ज्याच्याकडे उरे, त्याला शिक्षा होई. इंग्रजीने मुलांची उन्नती होईल म्हणून अनेक पालकांचीही यास संमती असे. इंग्रजीची आकांक्षा गैर नव्हती. तिच्यासाठी मातृभाषेची लाज शिकविणे हा अन्याय होता.

त्याचे परिमार्जनही शाळेनेच आरंभिले. १९३९ मध्ये ॲबरिस्टविथ येथे अवघ्या ७ मुलांनिशी वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू झाली. २०११ मध्ये भाषेला कायद्याने अधिकृत दर्जा लाभला. तरीही १९११ मध्ये सुमारे ४३ टक्के असलेले वेल्शभाषक २०२१ च्या जनगणनेत १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार उरले. २०५० पर्यंत १० लाख वेल्शभाषक व्हावेत, हे तेथील शासनाचे उद्दिष्ट आहे. माझ्या मते, ते एकट्या शाळेच्या आवाक्यातले नाही. शाळेत शिकलेली भाषा घरी आई-वडिलांनी मुलांशी आणि मुलांनी आपसांत बोलली, तरच ती जगेल.