लुखाच्या पाण्याचा सामू

जानेवारीत शिलाँगहून सिलचरच्या रस्त्याने निघालो तेव्हा माझ्या पर्समध्ये सामू तपासायच्या कागदी पट्ट्या होत्या. वणीकडच्या कोळसापट्ट्यात खाणीतून उपसलेलं पाणी तपासण्यात माझ्या नोकरीची अठ्ठावीस वर्षं गेली. सवय सुटत नाही. लाड रिंबाईच्या पुढे एका ओढ्यापाशी गाडी थांबवायला लावली. तळाचे दगड गंजक्या पत्र्यासारखे नारिंगी. शेवाळ नाही, बेडूक नाही, पाण्यावर पळणारा एक किडासुद्धा नाही. "काँग, हात नका घालू," ड्रायव्हर म्हणाला. तिकडे थोरल्या बहिणीला, वडीलधाऱ्या बाईला काँग म्हणतात. मी पट्टी बुडवली. रंग तीन आणि चारच्या मध्ये आला.

पिण्याच्या पाण्याचा सामू साडेसहा ते साडेआठ हवा. एक अंक खाली उतरला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे तो ओढा साडेसहाच्या पाण्यापेक्षा निदान तीनशे पट आम्ल होता. माझ्या वहीत असा आकडा कधी आला नाही.

आमच्या वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवनी, गंधक बहुधा एक टक्क्याच्या आत. मेघालयाच्या जैंतिया डोंगरातला कोळसा वयाने कितीतरी लहान, समुद्राकाठच्या दलदलीत तयार झालेला, आणि त्यातलं गंधक पुष्कळदा तीन टक्क्यांच्या वर. त्यातलं काही पायराइटच्या, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाच्या रूपात असतं. त्याला हवा आणि पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं. आणि चेरापुंजी ज्या पठारावर आहे, त्याच पठाराचं हे पूर्वेचं टोक. पाण्याला तोटा नाही.

कोळशाचे थर इतके पातळ की मजूर दोन-तीन फुटी बोगद्यात रांगत शिरतो. म्हणून या उंदीरबिळाच्या खाणी. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये त्यांवर बंदी घातली. तरी १३ डिसेंबर २०१८ ला क्सान इथे शेजारच्या लिटेइन नदीचं पाणी खाणीत घुसलं आणि पंधरा मजूर आत अडकले. पाणी उपसायला आपल्या किर्लोस्करांचे लोक गेले, नौदलाचे पाणबुडे उतरले. बहुतेकांचे देहसुद्धा घरी पोचले नाहीत.

बंदी मोडली जाते हा राग माझाही आहे. पण मला बोलायचंय ते बंदी पाळली तरी उरणाऱ्या गोष्टीबद्दल. कोळसा काढणं थांबलं म्हणून पायराइटचं आम्ल होणं थांबत नाही. तिथे हजारो खड्डे उघडे पडलेत. रस्त्याकडेला जुना कोळसा पावसात भिजतोय. प्रत्येक पावसाळा त्यातलं आम्ल धुऊन ओढ्यात, तिथून नदीत नेतो. त्याच रस्त्यावर पुढे सोनापूरला लुखा नदी पाहिली. हिवाळ्यात ती निळी होते, आणि प्रवासी पुलावर उभे राहून फोटो काढतात. त्या नदीतले मासे मेले. नदीकाठी ज्यांचं पोट मासेमारीवर होतं, त्यांना ही निळाई कशी दिसत असेल?

हे पाणी राज्याची हद्दही मानत नाही. आसामात उमरांगसोजवळच्या कोपिली जलविद्युत प्रकल्पाची यंत्रं याच आम्लपाण्याने गंजत आली. आणि उमरांगसोलाच जानेवारी २०२५ मध्ये पाणी भरलेल्या उंदीरबिळात नऊ मजुरांचा जीव गेला.

आम्लावरचा उतारा त्याच डोंगरात आहे, याची मला सर्वांत जास्त हळहळ वाटते. लुमश्नोंगला सिमेंटचे कारखाने उभे आहेत ते तिथल्या चुनखडीवर. उघडे खड्डे बुजवा, कोळशाचे ढीग उचला, ओढ्यांच्या वाटेवर चुनखडीचे चर आणि निवळणीची तळी बांधा. चुनखडीवर लोहाचा थर बसतो, तो सतत काढावा लागतो; म्हणून हे एकदा उद्घाटन करून सोडून द्यायचं काम नाही, त्याला माणसं नेमायला हवीत. खाणीत रांगणारे मजूर आणि काम गेलेली गावातली पोरं यांनाच ते द्या. पैसा? लवादाच्या आदेशाने कोळशाच्या किमतीच्या दहा टक्क्यांचा पर्यावरण पुनर्स्थापना निधी उभा राहिला; लवादाने राज्याला भरायला सांगितलेले १०० कोटीही त्याच निधीतून द्यायचे ठरले.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये परवाना घेऊन, कायद्याने खाणकाम करायची वाट मोकळी ठेवली. मी कोळशाच्या विरोधात नाही, माझं घर त्याच्यावर चाललं. पण नव्या परवान्याआधी जुन्या खड्ड्यांचा हिशेब मागायला हवा.

आमच्या प्रयोगशाळेच्या दाराशी एक काळा फळा होता. रोज सकाळी त्यावर खडूने त्या दिवसाचा सामू लिहायचा. खाणीतला हमालही तो वाचून जाई. तसा एक फळा सोनापूरच्या पुलावर लावा, खासी, पनार आणि हिंदीत.